गादीवर सरळ उभी राहिलेली पोर

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, कुणाच्या तरी मोडक्या सोफ्यातून निघालेला हा तुकडा आहे. एक कोपरा उंदराने कुरतडलेला, मधोमध पावलांनी पडलेला खोलगा, आणि रंग असा, की मूळचा निळा होता हे सांगावं लागतं. हसा खुशाल! मी एक जुनी, माणसाचा तोल बघायची गादी आहे. माझ्यावर कुणी झोपत नाही आणि कुणी बसूही नये अशी माझी फार इच्छा असते. माझ्यावर फक्त उभं राहायचं, तेही डोळे मिटून.

एका कारखान्यात फोमच्या भल्यामोठ्या ठोकळ्यातून पाव कापावा तसे आमचे तुकडे पाडले गेले. माझी भावंडं मोठमोठ्या शहरांत गेली. मला मागवलं शहापूरच्या माधुरी मॅडमनी. त्या फिजिओथेरपिस्ट. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं छोटंसं क्लिनिक होतं. तिथे कुणाची कंबर धरलेली असे, कुणाचा गुडघा. मी कपाटाला टेकून उभी असे आणि माझी पाळी क्वचितच येई.

माझं खरं काम वेगळंच होतं. खेळताना कुणाचं डोकं आपटलं, की कधी रक्त येत नाही, टेंगूळही येत नाही, पण आत कवटीमध्ये मेंदूला हिसका बसतो. मग माणूस गोंधळतो, डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, आवाज नको होतो. हे सगळं आतलं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? म्हणून मग डॉक्टर लोक काही गोष्टी विचारतात, काही करून बघायला सांगतात. त्यातलीच एक म्हणजे मी. अनवाणी उभं राहायचं, हात कमरेवर, डोळे बंद. आधी दोन पायांवर, मग एका पायावर, मग एका पावलामागे दुसरं पाऊल लावून. हे आधी जमिनीवर आणि मग माझ्यावर, कारण मी मऊ आहे आणि पायांना माझा भरवसा वाटत नाही. समोरचा माणूस चुका मोजतो. डोळे उघडले, हात सुटला, पाय टेकला, की एक चूक. चुका नेहमीपेक्षा जास्त झाल्या तर समजायचं, काहीतरी बिघडलंय.

वाचायला सोपं वाटतं ना? मलाही तेव्हा तसंच वाटायचं. मी स्वतःला मोठी शहाणी समजत असे.

मुरबाड तालुक्यात म्हशाच्या अलीकडे एक गाव आहे. त्या गावाच्या मुलींचा कबड्डी संघ पंकजने बांधला होता. पंकज सकाळी एका गोदामात काम करायचा आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभा राहायचा. मुली त्याला पंकजदादा म्हणत आणि तो नसताना त्याच्या शिट्टीची नक्कल करत. त्याने एकदा माधुरी मॅडमना गावात बोलावलं आणि मॅडमनी मला पिशवीत घालून नेलं.

मैदानाच्या कडेला बायाबापड्या जमल्या होत्या. मॅडमनी मला जमिनीवर ठेवलं, कसं उभं राहायचं ते दाखवलं, तर हशा पिकला.

"अगो, गादीवर उभी राव्हायला डाक्टरीण कशाला पायजे?" असं ज्या बाई म्हणाल्या, त्या गिरजाबाई. त्यांची मुलगी स्नेहल संघातली सगळ्यात चपळ चढाईपटू. चढाईला गेली की चार जणींच्या हातावर तुरी देऊन हसत परत यायची. अकरावीत शिकत होती, बडबडी होती, आणि नाकावर माशी बसू देत नव्हती.

मॅडमनी समजावलं. "मावशी, आज सगळ्या ठणठणीत आहेत. म्हणून आजच बघून ठेवायचं. उद्या कुणाला लागलं, तर आजच्याशी ताडून बघता येईल."

एकेक मुलगी माझ्यावर चढली. कुणी खिदळली, कुणी हेलकावे खात शेजारणीच्या अंगावर गेली. मग स्नेहल आली. तिने डोळे मिटले, एक पाय उचलला, आणि मित्रांनो, मला क्षणभर वाटलं की माझ्यावर खांब रोवलाय. तिच्या पावलाखाली मी दबले ती तशीच दबून राहिले.

गिरजाबाईंची छाती फुगली. "पावट्याच्या शेंगेयवढी होती तवापासून भारा डोक्यावर घेऊन बांधावरनं चालते माझी पोर. ही गादी काय करणार हाय तिला?"

खरंच होतं ते. त्या गावच्या पोरी पावसाळ्यात भाताच्या रोपांच्या मुठी, हिवाळ्यात गवताचे भारे, उन्हाळ्यात लाकडं डोक्यावर घेऊन हातभर रुंद बांधावरून गप्पा मारत चालतात. खाली चिखल, बाजूला पाणी, आणि हात सोडलेले. त्यांच्या पायांना मी काय शिकवणार!

मॅडम मात्र हसल्या नाहीत. पंकजला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिच्या बाबतीत सांभाळून हां. हिला लागलं तरी ही इथे पडायची नाही. तोल हा दहातला एक प्रश्न आहे पंकज, बाकीचे नऊ विसरू नकोस. डोकं दुखतं का, झोप कशी लागते, वाचता येतं का, हे विचारायचं. आणि शंका आली तर खेळवायचं नाही."

पंकजने मनापासून मान डोलावली. मॅडमना दर वेळी येणं जमणारं नव्हतं, म्हणून जाताना त्या मला संघाला देऊन गेल्या. प्रश्न मात्र हवेतले होते. ते पिशवीत घालून देता येत नाहीत. मी दिसत होते, हाताला लागत होते. म्हणून गावाच्या लक्षात मीच राहिले.

काय थाट होता तेव्हा माझा! मुलींनी माझं नाव 'निळी' ठेवलं. खंडेनवमीला कोयते, विळे, नांगराचा फाळ आणि पंकजची शिट्टी यांच्या ओळीत मला मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वर भाताची लोंबी. फोमच्या तुकड्याला आणखी काय हवं असतं? मी हुरळून गेले.

आणि मग त्या गावाने एक गंमत केली. गंमतच म्हणायची, कारण वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. गावच्या मंडळाच्या वर्धापनदिनाला संगीतखुर्ची, लिंबूचमचा असे खेळ असतात ना, त्यात त्यांनी माझी भर घातली. डोळे मिटून एका पायावर निळीवर जो जास्त वेळ उभा राहील, त्याला नारळ! झालं. सारा गाव तालमीला लागला. मुली शाळेतून आल्या की माझ्यावर, सुना पाणी भरून झालं की माझ्यावर. पंच म्हणून माझ्याभोवती कोंडाळं जमायचं आणि 'डोळं उघडलं, डोळं उघडलं' असा कालवा व्हायचा. नारळ अर्थातच स्नेहलला मिळाला. तिने तो तिथेच फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं.

तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? परीक्षेतला प्रश्नच सगळ्यांनी घोकून पाठ केला. आता माझ्यावर उभं राहता येण्याला काही अर्थच उरला नव्हता. मला हे कळत होतं असं मी म्हणणार नाही. मला तर माझ्याभोवतीची गर्दी आवडत होती.

गर्दी ओसरल्यावर मला मैदानालगतच्या समाजमंदिरातल्या खोलीत टाकलं. भजनाच्या दिवशी पखवाज वाजवणारे आजोबा मला मांडीखाली घेत. त्यांचं वजन चांगलं दणदणीत. हळूहळू माझा फुगवटा गेला, मी चपटी झाले, पूर्वीइतकी मऊ राहिले नाही. उंदराने कोपरा नेला. माझ्यावर उभं राहणं आता आणखी सोपं झालं होतं आणि हे बघायला कुणी नव्हतं.

मध्यंतरी एकदा माझ्यावरून भांडण जुंपलं. भाविका ही स्नेहलची जिवलग मैत्रीण, संघाची डाव्या कोपऱ्यावरची खेळाडू. एका सामन्यात तिचं डोकं दुसरीच्या खांद्यावर आदळलं. पंकजने तिला ताबडतोब माझ्यावर उभी केली. ती बिचारी धापा टाकत होती, घोटाही मुरगळलेला होता. डुगडुगली. पंकजने मोजल्या पाच चुका. दुसऱ्या बाजूने चुका मोजणारा त्याचा मित्र किशोर म्हणाला, "दोनच. पायाचा अंगठा हलला त्याला चूक म्हणतात काय रे?" पंकज म्हणाला, "हलला म्हंजे हलला." दोघांची डोळ्यांची मापंच वेगळी! शेवटी भाविकाला बाहेर बसवलं. संघ हरला. भाविका चार दिवस कुणाशी बोलली नाही. तिचं डोकं ठीक होतं, दुखत होता तो घोटा. पण काळजीपोटी बाहेर बसवलं, यात वाईट काहीच झालं नाही. वाईट हे झालं, की गावाने त्यातून भलतंच धरलं. निळी नको म्हणते तर खेळायचं नाही, म्हणजे निळी हो म्हणते तर खेळायचं!

आणि मग तो डिसेंबर आला. भात झोडून झालं होतं, खळी मोकळी झाली होती, आणि गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होते. येत्या रविवारी शहापूरला मोठी स्पर्धा होती आणि तिथे जिल्ह्याचा संघ निवडायला माणसं येणार होती. स्नेहलचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. जिल्ह्याकडून खेळलं, की पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर नंबर लागू शकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या घरात आजवर कुणी खाकी कपडे घातले नव्हते.

आधीच्या गुरुवारी सरावात तिने चढाई केली. भाविका तिला पकडायला झेपावली आणि भाविकाचा गुडघा स्नेहलच्या कानशिलावर बसला. आवाज मी खोलीच्या दारातून ऐकला. स्नेहल पडली, लगेच उठली, हसली आणि भलत्याच बाजूला, समोरच्या संघात जाऊन उभी राहिली.

मुली हसल्या. पंकज हसला नाही. त्याने शिट्टी वाजवून खेळ थांबवला, मला आणलं आणि तिला उभी केली. त्या दिवशी ती डगमगली. हो मित्रांनो, तेव्हा मला तिच्या पायांतून तिचं डोकं कळत होतं. पहिल्यांदाच तिचा हात कमरेवरून सुटला आणि तिने पंकजचा खांदा धरला.

पंकजचा चेहरा उतरला. त्याने तिला घरी सोडलं, गिरजाबाईंना सगळं सांगितलं, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. मग खोलीत परत येऊन त्याने माधुरी मॅडमना फोन लावला. मॅडम तोवर नाशिकला राहायला गेल्या होत्या. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"रविवारी तिला अजिबात उतरवू नकोस," त्या म्हणाल्या. "तोल दोनतीन दिवसांत परत येतो पंकज. मेंदूला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात. त्यात ती स्नेहल आहे. ती उभी राहील. तिला विचार, आणि ती खरं बोलते का ते बघ."

"हो मॅडम," पंकज म्हणाला. त्या वेळी तो मनापासूनच म्हणाला होता.

शुक्रवारी स्नेहल आली नाही. शनिवारी आली आणि खोलीच्या दाराशी भाविकाला म्हणाली, "पुस्तकातल्या ओळी हलतात गो. देवळातली घंटा वाजली तर डोक्यात कुणी खिळा मारल्यावाणी होतं."

भाविका रडकुंडीला आली. "मंग सांगू या पंकजदादाला."

"सांगशील तर तुला माझी शपथ. एकाच दिवसाचा तं परश्न हाय."

भाविकाने मूग गिळले. तिच्याच गुडघ्याने हे झालं होतं ना! स्नेहलची निवड हुकली तर जन्मभर तेच बोचणार, असं तिला वाटत होतं. ती आपल्या मैत्रिणीसाठी गप्प बसली. मी मात्र गप्प बसले नाही, मी मुकीच आहे. या दोन्हींत फरक आहे, पण तो स्नेहलच्या काय कामाचा?

संध्याकाळी तिने स्वतःच मला ओढून मैदानात आणलं. "पंकजदादा, बघा तरी!"

"मॅडमनी नको सांगितलंय."

"नुसता बघा तं खरा."

ती चढली. दोन पाय. एक पाय. पावलामागे पाऊल. डोळे मिटलेले, हात कमरेवर. एकही चूक नाही! मी तळमळत होते. तिची बोटं माझ्यात रुतली होती, नेहमीपेक्षा घट्ट. पूर्वी ती सहज उभी राहायची, आज दात आवळून उभी होती. निदान मला तसं वाटलं. खात्रीने सांगता येणार नाही, कारण गुरुवारी आलेला तो कंप आज कुठेच नव्हता. आणि बोटं किती घट्ट रुतली हे मोजायला कुणी सांगितलेलंच नाही.

"डोका दुखतोय काय?" पंकजने विचारलं.

"नाय."

"झोप?"

"मस्त लागली."

त्याने बाकीचे प्रश्न विचारले खरे, पण विचारताना त्याची नजर माझ्यावर स्थिर असलेल्या तिच्या पायांवर होती. उत्तर त्याला तिथे आधीच मिळालं होतं. त्याच्या जिवात जीव आला, आणि त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. बरी आहे असंच ऐकायचं होतं प्रत्येकाला, आणि तसं सांगायला मी आयती हजर होते.

रविवारी टेम्पोतून मलाही शहापूरला नेलं. मॅट अंथरलेली, लाऊडस्पीकर कानठळ्या बसवत होता. गिरजाबाई आल्या होत्या, पदराला हात पुसत पुसत पंकजला म्हणाल्या, "दादा, पोर बरी हाय ना? रातीला उजेड नको म्हणत होती."

पंकज एक क्षण थांबला. मित्रांनो, त्या क्षणात सगळं वाचू शकत होतं. मग त्याने मला जमिनीवर ठेवलं, स्नेहलला बोलावलं आणि आईच्या डोळ्यांदेखत पुन्हा उभी केली. ती उभी राहिली. गिरजाबाईंनी तिच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली आणि माझ्याही पाया पडल्या. माझ्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्नेहलने पहिल्या दोन चढायांत गुण आणले. लोक नाचले. तिसऱ्या चढाईत काही विशेष झालंच नाही. समोरच्या मुलीचा खांदा लागला, रोजच्या खेळात लागतो तसा. स्नेहल मॅटवर आडवी झाली आणि या वेळी लगेच उठली नाही. पंच धावले. ती उठून बसली तेव्हा दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणत होती, "आवाज बंद करा ना, आवाज बंद करा." लाऊडस्पीकर कुणी बंद केला नाही. कुणाला ऐकूच गेलं नाही ते.

दवाखान्यात मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. फोटोत काही निघालं नाही. हिसका फोटोत दिसत नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावलं, महिनोन्‌महिने जपायला सांगितलं. पण घरच्यांनी घरी आणला तो एवढाच निरोप, की फोटोत काही नाही.

त्यानंतरचं मला भाविकाकडून कळत गेलं. ती खोलीत येऊन माझ्याजवळ बसायची आणि बाकीच्या मुलींना सांगायची. स्नेहल दिवसा खिडकीला गोधडी लावून पडते. कॉलेजला गेली की दुसऱ्याच तासाला परत येते. भाकरी तव्यावर टाकते आणि विसरते. हसायची ती पोर आता बारीकसारीक गोष्टीवरून रडते. म्हशाची जत्रा तिने कधी चुकवली नव्हती. या वर्षी सगळे गेले, ती घरात कानांत कापूस घालून बसली.

आणि बाहेरून बघाल, तर काहीच नाही! हात धड, पाय धड, अंगावर ओरखडा नाही. गावाला किती दिवस धीर धरवणार? हळूहळू कुजबूज सुरू झाली. निवड झाली नाही म्हणून तोंड लपवते. काम नको म्हणून पडून राहते.

राब भाजायचे दिवस आले. पावसाळ्यातल्या रोपांसाठी जमीन भाजायची, तर झाडांच्या डहाळ्यांचे भारे आणून शेतात पसरावे लागतात, आणि ते आणायचे डोक्यावरून. स्नेहलचे वडील धाकलू एकटे पडले होते. तसा माणूस मायाळू, कमी बोलणारा. पण लेकीला काय झालंय ते त्यांना कळत नव्हतं आणि न कळणाऱ्या गोष्टीची त्यांना भीती वाटत होती. त्यांनी पंकजला निरोप धाडला, की ती गादी घेऊन ये.

त्यांच्या अंगणात मला ठेवलं. शेजारपाजार जमलं. स्नेहल डोळ्यांवर हाताची सावली धरून बाहेर आली. ती माझ्यावर चढली आणि खांबासारखी उभी राहिली. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

"बघा," धाकलू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. "पाय बरोबर, तोल बरोबर. मंग दुखणा कसला? उद्या भारं आणायला चल पोरी, हिंडशील फिरशील तं बरा वाटंल."

स्नेहल म्हणाली, "बाबा, पायांना काय झालाच नाय. डोक्यात होतंय."

"डोक्यात असता तं इथं पडली असतीस ना तू," धाकलू म्हणाले.

पंकज खाली बघत होता. माधुरी मॅडम काय म्हणाल्या होत्या, ते त्याला आठवत असणार. पण ज्या गादीच्या जोरावर त्याने तिला खेळवलं, तीच गादी खोटी म्हणायची, तर मग रविवारी तिला मैदानात उतरवलं ते काय होतं? एवढं त्याच्याने पेलवेना.

आणि मी? आधी मी ती बरी आहे म्हणून तिला मैदानात पाठवलं होतं. आता मीच तिला खोटारडी ठरवत होते. दोन्ही वेळा मी काहीच बोलले नव्हते. लोक माझ्या वतीने बोलत होते.

ती भारे आणायला गेली. टळटळीत उन्हात, डोक्यावर डहाळ्यांचं ओझं घेऊन. बांधावरून बरोबर चालली, तोल जराही गेला नाही, आणि शेतात भारा टाकून तिथेच ओकली. दुसऱ्या दिवशी उठवेना. बाया म्हणाल्या, "नखरं." धाकलू गोंधळून गेले. कुणाचं खरं मानायचं? पंकज मला तिथेच ओसरीवर ठेवून गेला होता. त्यांनी मला उचलून अंगणात टाकलं. "एकदा शेवटचा उभी राहा बाय. मला कळू दे."

या वेळी बघायला गाव नव्हता. आई दारात, बाप समोर. स्नेहल आली. अनवाणी पावलं माझ्यावर ठेवली, हात कमरेवर घेतले, डोळे मिटले, एक पाय उचलला.

मित्रांनो, तिचं पाऊल मी सगळ्या जगापेक्षा जास्त ओळखते. ते तेव्हाही स्थिर होतं. टाच भक्कम, बोटं जागच्या जागी. मग मला जाणवलं, की ती बोटं एकेक करून सैल होतायत. तोल गेला नाही. तिने तो सोडला. आणि ती आडवीतिडवी अंगणात कोसळली, कोपर सोलवटलं, रक्त आलं.

"माझे बाय!" गिरजाबाई धावल्या. धाकलूंनी तिला लहान मुलीसारखी उचलून घेतली. "बरी नाय गो पोर, खराच बरी नाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्या दिवसापासून तिला भारा नाही, ऊन नाही, कुणाचे टोमणे नाहीत. अंधाऱ्या खोलीत तिला पडू दिलं, कॉलेजात जाऊन सांगितलं, मोठ्या डॉक्टरांकडे नाशिकला नेलं. ती सुधारतेय, पण हळू. कबड्डी संपली. खाकी कपड्यांचं ती आता बोलत नाही.

गाव अजून म्हणतो, निळीने बरोबर सांगितलं. तिच्या आईबापांनाही तसंच वाटतं. खरं काय ते स्नेहलला माहीत आहे आणि मला. ती खरी उभी राहिली तेव्हा तिचं कुणी ऐकलं नाही, आणि खोटी पडली तेव्हा सगळ्यांनी ऐकलं.

मुलांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या संघात माझ्यासारखी एखादी गादी असेल. तिला नीट जपा, कोरडी ठेवा, तिच्यावर बसू नका. पण कुणाच्या डोक्याला लागलं, तर आधी त्याच्याजवळ बसा. काय होतंय ते विचारा. त्याने सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवा, आणि तो 'काय नाय' म्हणाला तर पुन्हा विचारा. तुम्हाला लागलं असेल तर लपवू नका, सामने पुढच्या वर्षीही असतात. एवढंच माझं मागणं आहे. दुखतंय हे पटवून देण्यासाठी दुखणाऱ्या माणसाला पडून दाखवायला लावू नका.